थोडं घासलं पाहिजे

दिवाळीत हिऱ्याचे कारखाने बंद झाले की कतारगाम ओळखू येत नाही. एरवी ज्या गल्लीत स्कूटर लावायला जागा मिळाली तर माणूस देवाचे आभार मानतो, तिथे पोरं क्रिकेट खेळायला उतरतात आणि त्यांना क्षेत्ररक्षक कमी पडतात. सौराष्ट्रातली घरंच्या घरं जादा सोडलेल्या एसटीत बसून अमरेली, भावनगर, बोटादकडे निघून गेलेली असतात. दारांना कुलपं, ओट्यांवर रांगोळीचे उरलेसुरले रंग. सुरतेत मराठी माणूस भरपूर, पण तो उधना, लिंबायत, डिंडोलीकडे; तिकडे अख्खा खानदेश नांदतो. कतारगामात आमच्यासारखं एखादंच घर. शिवाय खानदेशी माणसाचा गावाकडचा जीव आखाजीत अडकलेला, त्यामुळे दिवाळीत आम्ही इथेच. म्हणजे रिकाम्या गल्लीचे मालक आम्हीच.

आता, जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला सपाट मोकळी जागा आणि लागोपाठ सुट्ट्या एकदम मिळाल्या की काय होतं, ते त्याच्या बायकोला विचारावं.

आमची गाडी 2003 ची झेन. तिला दोष द्यावा असं काही नाही. इतकी वर्षं इतक्या खड्ड्यांतून नेली तर माणसाचेही गुडघे बोलायला लागतात. हिचे पुढचे शॉकअप बोलत होते. ब्रेक मारला की नाक खाली जायचं, सोडला की वर यायचं, आणि मग पुन्हा एकदा खाली जाऊन खात्री करून घ्यायचं. पंक्चरवाल्याने टायर फिरवून दाखवला. रबर एकसारखं झिजलेलं नव्हतं; बोट फिरवलं की उंचवटा लागायचा, मग खळगा, पुन्हा उंचवटा. ‘चाक रस्त्यावर चालत नाहीये, उड्या मारतंय,’ तो म्हणाला आणि आत बोट घालून शॉकअपवरून काळं तेल पुसून माझ्यासमोर धरलं. पुराव्यासकट आरोप असला की वाद घालता येत नाही.

या उड्यांमागे गतिरोधकांचा मोठा वाटा. गतिरोधक कसा असावा याचे देशात नियम आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबाप्रमाणे तो 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, गोलसर हवा. म्हणजे ताशी 25 किलोमीटरने जाणारी गाडी त्याच्यावरून सुखाने चढून उतरते. पण गल्लीबोळातला गतिरोधक कुणाच्या तरी घरकामातून उरलेल्या सिमेंटचा, एका संध्याकाळी, चार उत्साही माणसांनी केलेला असतो. त्याला उंची असते, रुंदी नसते. तिथे गाडी चढत नाही, ठेचकाळते.

शॉकअप हे प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. धक्का घेण्याचं काम त्याचं नव्हेच. ते करते स्प्रिंग. खड्डा आला की ती दबते आणि धक्का पोटात घेते. पण पोटात घेतलेलं तिला ठेवता येत नाही, लगेच परत करते. मग गाडी वर, मग खाली, पुन्हा वर. स्प्रिंग एकटी असती तर सेकंदाला साधारण एक-दीड हेलकावा अशा चालीने गाडी पुढचा खड्डा येईपर्यंत झुलत राहिली असती. शॉकअपचं काम हे झुलणं मारायचं. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा. गाडी हलली की दट्ट्या हलतो, तेलाला त्या भोकांतून जबरदस्तीने जावं लागतं, ते कुरकुरत जातं आणि तापतं. हेलकाव्याची सगळी ऊर्जा अशी उष्णता होऊन हवेत जाते. तेल गळून गेलं की दट्ट्याला अडवणारं कुणी उरत नाही. साधारण 80,000 किलोमीटरनंतर ते तपासून घ्यावेत, असं बनवणारेच सांगतात. आमच्या गाडीने तो टप्पा कधी ओलांडला हे मीटर सांगू शकला असता, पण त्याने मध्येच मौन धरलं होतं.

खराबी इतके दिवस कळत कशी नाही, याचं कारण सोपं आहे. तेल एका दिवसात गळत नाही. गाडी रोज केसभर जास्त हलते आणि आपण रोज केसभर जास्त सोसतो.

दिवाळीत दुकानं बंद होणार म्हणून सामान धनत्रयोदशीलाच आणलं. त्या दिवशी घरात धातू आणायचा असतो. शेजारणी चांदीची नाणी, तांब्याचे तांबे घेऊन येत होत्या, तेव्हा मी पुढच्या शॉकअपची जोडी, दोन माउंटिंग, बेअरिंगं, रबरी बूट आणि बंप स्टॉपर घेऊन आलो. बायकोने खोक्यांकडे पाहिलं. ‘वजनाला तरी भरपूर आहे,’ एवढंच म्हणाली. आईने मात्र दोन्ही खोक्यांना हळदकुंकू लावलं आणि लक्ष्मीशेजारी मांडली. घरात आलेल्या धातूत तिने कधी भेदभाव केला नाही.

खोक्यावर नाव होतं गॅब्रिएल. मराठी माणसाला ही कंपनी मुलुंडची म्हणून ठाऊक. 1961 मध्ये ती तिथे सुरू झाली. पण हे नाव मूळ अमेरिकेतलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्लीव्हलंड शहरात क्लॉड फॉस्टर नावाचा माणूस मोटारींचे भोंगे बनवायचा, गाडीच्या धुरावर वाजणारे. कर्णा फुंकणाऱ्या देवदूताचं नाव त्याने त्या भोंग्याला दिलं, आणि पुढे त्याच नावाने हेलकावे मारायचं यंत्र विकायला काढलं. सुरतेच्या रस्त्यावर उभं राहून विचार केला तर हा माणूस आपलाच वाटतो. गाडीला लागतं काय? भोंगा आणि शॉकअप. त्यातला भोंगा आपण कधी नादुरुस्त राहू देत नाही.

सामान आलं, पण हात घालायला मी थांबलो होतो तो मामांसाठी. आईचे भाऊ. धुळ्याच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त, आता दोंडाईच्याला असतात आणि भाऊबीजेला भुसावळकडून येणाऱ्या गाडीने येतात. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. ते ओलांडलं की मामांची भाषा बदलते असं आई म्हणते. प्रत्यक्षात ती कुठेच बदलत नाही. उधन्याला त्यांना घेतलं. पुलावरच्या पहिल्याच सांध्यावर गाडी डुलली तसा त्यांनी वरचा दांडा धरला. दुसऱ्या सांध्यावर माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्यावर म्हणाले, ‘गाडी इतली काबर हालस रे भाऊ?’

सामान आणलंय म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. भाऊबीजेचं ओवाळून झालं, ताटात पाकीट पडलं आणि मामांनी आईला विचारलं, ‘जुना एखादा शर्ट आहे का गं?’

दुसऱ्या दिवशी सकाळी काम निघालं. मामांची शिस्त वर्कशॉपची. आधी फडकं अंथरायचं, त्यावर पाने आणि गोट्या नंबराने लावायच्या: बारा, चौदा, सतरा, एकोणीस. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. जॅकने उचलली की घोडी लावायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणाऱ्याला मामा माणसात धरत नाहीत. वर बॉनेटच्या आत शॉकअपच्या डोक्यावरचे नट, खाली चाकाच्या नकलला धरून ठेवणारे दोन जाड बोल्ट. बोल्ट कुठल्या जागी बसलेत त्याच्या खुणा खडूने करून ठेवल्या. ब्रेकची नळी क्लिपमधून मोकळी केली, कारण तिच्यावर वजन लोंबकळू द्यायचं नसतं.

बोल्ट अर्थातच हलेनात. मी गंज सोडवणाऱ्या स्प्रेचा डबा काढला. मामांनी त्याचा वास घेतला, बाजूला ठेवला आणि वाटीत डिझेल मागितलं. मग पान्याला पाइप अडकवून दोघांनी जोर लावला. बोल्ट अशा आवाजाने सुटला की समोरच्या घरातून काका बाहेर आले.

हे समोरचे काका म्हणजे कतारगामचा खरा माल. आयुष्य हिऱ्याच्या घंटीवर गेलेलं. यंदा घरात नुकतीच नात आली म्हणून गावी गेले नव्हते आणि सुट्टीत काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. घंटी म्हणजे हिरा घासायची लोखंडी तबकडी. मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे घेते, तिच्याभोवती कारागीर बसतात आणि तेलात कालवलेल्या हिऱ्याच्याच भुकटीवर हिरा धरतात. हिरा घासायला हिराच लागतो. जगातल्या दहा हिऱ्यांतले नऊ सुरतेत पैलू पडून जातात म्हणतात; त्यांतले बरेचसे आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. काकांनी खुर्ची आणून ओट्यावर टाकली, आईने आणि बायकोने तिथेच पापडी सोलायला घेतली. कतारगामची पापडी म्हणजे उंधियूचा प्राण. ती सोलताना समोर काहीतरी चाललेलं असलं की बोटं भराभर चालतात. प्रेक्षक जमले.

स्ट्रट अख्खा बाहेर आला. स्प्रिंग आणि शॉकअप एकात एक बसवलेली ही रचना अर्ल मॅकफर्सन नावाच्या इंजिनिअरची. 1950 मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या फोर्ड कॉन्सलमध्ये ती आली आणि नंतर जगातल्या बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांवर जाऊन बसली. जागा कमी, भाग कमी, खर्च कमी. फक्त एक गोष्ट त्या भल्या माणसाने घरी काम करणाऱ्यांसाठी ठेवली: स्प्रिंग दाबून बसवलेली असते, आणि वरचा एक नट तिला आवरून धरतो. तो नट असाच सोडला तर स्प्रिंग माणूस बघत नाही, भिंत बघत नाही. त्यासाठी स्प्रिंग दाबायचं यंत्र लागतं. ते उधन्याच्या एका गॅरेजवाल्याकडून सुट्टीपुरतं मागून आणलं होतं. समोरासमोर दोन आकडे, त्यांत लांब स्क्रू. एकदा इकडचा अर्धा फेरा, एकदा तिकडचा. मामांनी पापडीवाल्या मंडळींना दाराच्या आत बसवलं, काकांची खुर्ची मागे सरकवली आणि मला सांगितलं, ‘तोंड याच्या रेषेत आणायचं नाही.’ स्प्रिंगचे वेढे एकमेकांजवळ आले, बैठकीत ती सैल खुळखुळायला लागली, तेव्हाच त्यांनी त्या नटाला पाना लावला. तेवढा वेळ गल्लीत कुणी बोललं नाही. मामा एरवी पानाला चुना लावतानाही बोलतात.

जुना शॉकअप हातात घेऊन दट्ट्या दाबला तर तो बोटाने आत गेला आणि आतच राहिला; तेलाचा नुसता चुळूक असा आवाज. नवा उभा धरून अंगाचं वजन टाकून दाबावा लागला. तो अगदी सावकाश खाली गेला, सोडल्यावर तितक्याच सावकाश, आपल्या मनाने वर आला. आतली हवा निघावी म्हणून हे बसवण्याआधी पुन्हा पुन्हा करायचं असतं. मामांनी ते गरजेपेक्षा जास्त वेळा केलं. मग माझ्याकडे दिला, मीही केलं. मग काका खुर्चीवरून उठून आले.

चहाला मामा पाट्यांवर आले. त्यांची सगळी नोकरी पाट्यांत गेलेली. एसटीच्या बसखाली एकावर एक पट्ट्या रचून, मधोमध आवळून बांधलेले असतात ते पाटे. ‘ही तुझी गुंडाळी मेली एकटी,’ मामा म्हणाले. ‘हलली की हलतच राहते. पाटे कसे, एकाला एक चिकटून. दबताना एकमेकांवर घासतात. त्या घासण्यातच हेलकावा मरतो. शॉकअप बसलाही असतो, पण अर्धं काम पाटेच करतात.’

गोष्ट खरी आहे. तेलाचे शॉकअप तर नंतर आले. मोटारीच्या पहिल्या दिवसांत हेलकावा मारायला घर्षणच वापरायचे. फ्रान्समध्ये ट्रुफो नावाच्या माणसाने एकमेकींवर घासणाऱ्या चकत्यांचा शॉकअप केला, तो हार्टफर्डने अमेरिकेत नेला. फॉस्टरचा तो पहिला प्रकारही पट्ट्याच्या घासण्यावर चालायचा. म्हणजे गाडी आरामात चालावी म्हणून माणसाने आधी तिच्यात मुद्दाम कुरबूर घातली.

मी आमच्या दोंडाईच्याच्या जुन्या घराचा विचार करत होतो. एका छपराखाली चार भाऊ, चार चुली होता होता राहिलेल्या, पाच आत्या येऊन-जाऊन. ते घर पाट्यांचं होतं. कुणाच्या शब्दावर कुणाचा शब्द घासल्याशिवाय दिवस मावळायचा नाही. डाळीत मीठ जास्त यावरून सकाळ, मोटेच्या पाळीवरून दुपार. आम्ही त्याला कटकट म्हणायचो. पण कापूस बुडाला, एखादं लग्न मोडलं, कुणी गेलं, की मोठा धक्का त्या पट्ट्यांमध्ये इतक्या ठिकाणी घासला जायचा की चौथ्या दिवशी कुणीतरी पुन्हा मिठावरून बोललेलं असायचं, आणि ते ऐकून घराला बरं वाटायचं. मग एकेक पट्टी सुटी झाली. कुणी नाशिकला, कुणी सुरतेला. प्रत्येकजण आपापली छान, गुळगुळीत, एकटी स्प्रिंग. कुणी टोचून बोलत नाही, कुणी स्वयंपाकघरात डोकावत नाही. फक्त धक्का बसला की तो थांबत नाही. साहेब एक वाक्य बोलले की माणूस महिनाभर वरखाली. सुट्या स्प्रिंगला बाहेरून शॉकअप लावावा लागतो, हे गाडी बनवणाऱ्यांना कधीच कळलं होतं.

आमचे शॉकअप आमच्या डोळ्यांसमोर बसले होते. आई बायकोला सांगत होती की पापडीची शीर दोन्ही बाजूंनी काढायची असते. बायको म्हणत होती की कोवळ्या पापडीला एकच बाजू पुरे. हा वाद दर हिवाळ्यात निघतो आणि त्याचा निकाल लागत नाही, त्यामुळे दर हिवाळ्यात कामाला येतो.

काकांचं मत मामांपेक्षा वेगळं निघालं. आमच्या धंद्यात घासण्यावरच पोट आहे, ते म्हणाले. पण घंटी जरासुद्धा थरथरली की हिऱ्यावर रेघ पडते, पैलूची चमक जाते. ‘घसवानुं, पण हलवानुं नहीं.’ मामांनी मान डोलावली. एसटी वर्कशॉप आणि हिऱ्याचा कारखाना यांचं एका मुद्द्यावर एकमत झालं. दोघांनी मिळून दुसऱ्या बाजूचं चाक काढायला घेतलं. मला पाने पुसायचं काम मिळालं. शॉकअप नेहमी जोडीनेच बदलायचे, एक नवा आणि एक जुना ठेवला तर गाडी वळणावर दोन मतांची होते. संध्याकाळपर्यंत चाकं जमिनीला टेकली. मग बॉनेटच्या कोपऱ्यावर भार देऊन सोडायचं: गाडी खाली गेली, वर आली आणि जागच्या जागी उभी राहिली. काकांनी ते स्वतः करून बघितलं, मग दुसऱ्या कोपऱ्यावर केलं.

गाडी चालवायला बसलो तर निराळीच अडचण. पुढचा खडखडाट गेला आणि त्याच्याआड इतकी वर्षं लपलेले सगळे आवाज उघड्यावर आले. हातमोज्यांच्या कप्प्याचं झाकण कुरकुरतं, मागचं सीट कण्हतं, छत्री कुठेतरी घरंगळते. ‘आधी बरं होतं,’ बायको म्हणाली, ‘एकच आवाज होता.’

राहिली अलाइनमेंट. बोल्ट खडूच्या खुणेवर बसवले तरी चाकांचा कोन थोडा सरकतोच. तो मशीनवर बघून घ्यावा लागतो. पण गुजरातेत लाभपाचमेच्या आधी शटर वर जात नाही. तोवर गाडी सरळ रस्त्यावर डावीकडे ओढ घेत राहिली. मामा पाचमेपर्यंत थांबले, कारण अर्धवट काम सोडून जाणं त्यांच्या स्वभावात नाही आणि उंधियू अजून व्हायचा होता. मुहूर्ताच्या सकाळी आम्ही तिघं गेलो. दुकानदाराने मशीनला गंधफूल वाहिलं, आमच्या चाकांना चिमटे लावले आणि पडद्यावर आकडे आले: अंश आणि मिनिटं.

काका खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. अंश म्हणजे त्यांचा प्रांत. हिऱ्याचा वरचा भाग साडेचौतीस अंशांवर आणि खालचा पावणेएक्केचाळीसवर असला तर प्रकाश पुरेपूर परत येतो, हे गणित मार्सेल टोल्कोव्स्कीने 1919 मध्ये मांडलं. काकांनी त्याचं नाव ऐकलेलं नाही, पण कोन त्यांच्या बोटांत आहे. दुकानदाराने डाव्या चाकाचा आकडा हिरव्या पट्टीत आणला आणि पाना ठेवला. काका म्हणाले, उजवा आणि डावा सारखा नाही. दुकानदार म्हणाला, दोन्ही हिरव्यात आहेत, चालतं. काका म्हणाले, हिरव्यात आहेत पण सारखे नाहीत.

दुकानदार हसला. ‘काका, आ गाडी छे, हीरो नथी.’

‘घसाय तो बेय,’ काका म्हणाले.

झिजतात दोन्ही, यावर दुकानदाराकडे उत्तर नव्हतं. त्याने पाना पुन्हा उचलला, टाय रॉडचा नट सोडला आणि दोन्ही आकडे मिनिटाला मिनिट जुळवून दिले. पैसे मात्र ठरलेलेच घेतले. मुहूर्ताचं गिऱ्हाईक म्हणून.